तीन रीडिंग जुळेनात

आमचं घर सोनाराचं. काचेच्या पेटीतला काटा मी लहानपणापासून पाहत आले. पंखा बंद केल्याशिवाय वडील वजन करायचे नाहीत. आजोबा तर शेवटपर्यंत गुंजेतच बोलले: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्यांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, गिऱ्हाइकांच्या तोंडातला १० ग्रॅमचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, पण आमच्या ओसरीवर दोन्ही तोळे सुखाने नांदत होते. त्यामुळे एफ.वाय.बी.एस्सी.च्या पहिल्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला मी जरा ताठ मानेनेच गेले. मोजमाप मला कोण शिकवणार!

वजनापर्यंत सगळं छान झालं. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं माप) द्रावण २५० मिली करायचं होतं. इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे एक लिटर १ नॉर्मल द्रावणाला लागणारे ग्रॅम, ६३ धरून १.५७५ ग्रॅम. पेटीतली वजनं चिमट्यानेच उचलायची, बोटांचा तेलकटपणा लागला की वजन बदलतं, हे मी शेजारच्या मुलींना शिकवतसुद्धा होते. १ ग्रॅम, ५००, ५०, २० मिलिग्रॅम आणि उरलेले ५ मिलिग्रॅम दांडीवर सरकवायच्या तारेच्या आकड्याने, रायडरने. मॅडमनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. मला तेवढं पुरे होतं.

मग टायट्रेशन, म्हणजे मोजून घेतलेल्या आम्लाला पुरं पडायला अल्क किती लागतं ते पाहणं. ब्यूरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या खुणांच्या काचनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्क; फ्लास्कमध्ये पिपेटने, म्हणजे ठरावीक मापाच्या ओढनळीने, मोजून घातलेलं १० मिली आम्ल; त्यात आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फेनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. हायड्रॉक्साइडची तीव्रता आपणच काढायची, कारण ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषत बसतं. ते तोलून काही नेमकं कळत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक त्या मानाने गुणी. थेंब थेंब सोडत जायचं आणि हलवल्यावरही फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं. गडद गुलाबी झालं म्हणजे पुढे गेलात.

माझं पहिलं रीडिंग, म्हणजे ब्यूरेटमधून लागलेलं द्रावण, आलं १०.९ मिली. दुसरं ११.१. तिसरं १०.७.

आजूबाजूला सगळ्यांचं १०.४ च्या आसपास. एकसारखं रीडिंग आल्याशिवाय सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग) लिहिता येत नाही आणि सी.बी.आर.शिवाय जर्नलवर सही नाही. बेंचवरची मैत्रीण कानात म्हणाली, ''अगं, १०.४ तीनदा लिही आणि चल, एस.टी. जाईल.'' खरं सांगते, मी पेन उघडलं होतं. रबर मारायला वाकले तोच मागून मॅडम म्हणाल्या, ''खोडायचं नाही. एकच रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि मला सांग, तुझे तिन्ही आकडे जास्तच का आहेत?''

या प्रश्नाने माझी एस.टी. गेली.

मी आधी घाबरून सगळंच बदलायला निघाले होते: नवं द्रावण, नवी ब्यूरेट, नवा फ्लास्क. मॅडमनी अडवलं. सगळं एकदम बदललंस आणि उत्तर बरोबर आलं, तर चूक कशात होती ते कसं कळणार? एका वेळी एकच.

पहिला संशय ब्यूरेटच्या तोंडातल्या हवेच्या बुडबुड्यावर. तो मधेच निघून गेला की तेवढं द्रावण त्याची जागा भरतं आणि रीडिंग वाढतं. पण तो एकदाच निघणार; तीनदा कसा? तरी तोटी झटक्यात उघडून खात्री केली. रीडिंग १०.८. दुसरा संशय पिपेटवर. मी शेवटचा थेंब फुंकून पाडत होते. तो टोकात राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते, म्हणून फुंकायचा नाही. (तेव्हा आम्ही आम्ल तोंडानेच ओढायचो. आता रबरी बल्ब असतात, बरंच झालं.) न फुंकता केलं. रीडिंग ११.०. एका थेंबाची चूक असती तरी ती अर्ध्या मिलीची कुठून होणार, आणि दर वेळी सारखीच झाली असती.

तिथे अडकले आणि तिथेच सुटलेही. माझी चूक दर वेळी वेगळी होती. काट्यात खोट असती, द्रावण चुकलं असतं, तर तिन्ही आकडे सारखेच चुकले असते. म्हणजे प्रत्येक रीडिंगआधी मी काहीतरी नव्याने करत होते, कधी कमी कधी जास्त. काय करत होते? विसळत होते!

ब्यूरेट हायड्रॉक्साइडने विसळायची, पिपेट आम्लाने, हे सांगितलं होतं. मी आपल्या मनाने फ्लास्कही आम्लानेच विसळत होते, स्वच्छतेची हौस. ब्यूरेटच्या आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं, म्हणून तिथे ते विसळणं बरोबर. फ्लास्कमध्ये मात्र आम्ल किती आहे एवढंच महत्त्वाचं, पाणी कितीही असो. माझ्या फ्लास्कच्या भिंतींना अर्धा-पाऊण मिली आम्ल चिकटून राहत होतं आणि त्यावर मी मोजून १० मिली ओतत होते. गिऱ्हाइकाच्या पारड्यात आधीच सोन्याचा कण असावा तसं.

फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने विसळला. १०.४. पुन्हा, १०.३. पुन्हा, १०.४. लॅबचे मामा दिवे बंद करायला आले होते, तेही थांबून बघत होते.

हिशेबात कॅल्क्युलेटरवर ०.०९६१५३८ आलं, ते सगळं मी जर्नलमध्ये सुरेख अक्षरात उतरवलं. मॅडमनी लाल पेनने शेपूट कापलं. ''ब्यूरेटवरच्या रेघा ०.१ मिलीच्या. तुला सातवा दशांश कुठून दिसला?'' ०.०९६२ लिहायला लावलं. रेघ मारलेले आकडे मात्र तसेच राहू दिले आणि त्यांच्या बाजूला कारण लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ब्यूरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट आलं. इतकं गडद की पाण्यासारखी खालची वक्ररेषा दिसेचना. वरची कड वाचायची असते, असं मामा म्हणाले. मी मान हलवली आणि आधी फ्लास्क पाण्याने विसळून आणला.