नोव्हेंबरातला स्पेन

आमच्या चित्रपट मंडळाचं वार्षिक संमेलन दिवाळीची सुट्टी संपली की भरतं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. शनिवार-रविवार, शाळेचं सभागृह, खिडक्यांना काळे पडदे, पुढे सतरंज्या आणि मागे गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्यांच्या दोन रांगा. शनिवारी जगातल्या कुठल्याही देशाचा सिनेमा चालतो. रविवार मात्र स्पेनचा. मी कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हाही तो स्पेनचाच होता.

हा पायंडा पाडला अण्णांनी. अण्णा त्याच शाळेत इतिहास शिकवायचे. 20 नोव्हेंबर 1975 ला माद्रिदमध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मेला, तेव्हा आपल्याकडे आणीबाणी होती आणि अण्णा मिसाखाली येरवड्यात होते. ती बातमी त्यांनी तुरुंगात वाचली. 1939 पासून एकाच माणसाच्या मुठीत असलेला देश आता काय करील, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या डोक्यात शिरला आणि तिथेच राहिला. ते म्हणायचे, निवडणूक कधी झाली, राज्यघटना कधी आली हे पुस्तकात सापडतं. 1977, 1978, पाठ करून टाका. पण भीती घरातून कधी गेली हे पाहायचं असेल, तर सिनेमा पाहा.

रविवारी सकाळी पोहे आणि चहा झाला की अण्णा फळ्यापाशी उभे राहून अर्धा तास बोलायचे. तो अर्धा तास मला सिनेमाइतकाच प्रिय होता. फ्रँकोच्या राज्यात थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारी वार्तापट दाखवणं सक्तीचं होतं. परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करूनच यायचे, आणि डबिंगमध्ये सेन्सॉरचा हात मोकळा सुटायचा. ‘मोगॅम्बो’ या हॉलिवूडपटात एक विवाहित स्त्री परपुरुषाच्या प्रेमात पडते. सेन्सॉरला व्यभिचार नको होता, म्हणून संवाद बदलून त्या नवराबायकोला बहीणभाऊ करून टाकलं. नीती वाचवायला निघालेल्या लोकांनी पडद्यावर एका खोलीत राहणारे विचित्र बहीणभाऊ निर्माण केले! हा किस्सा अण्णा दरवर्षी सांगायचे आणि आम्ही दरवर्षी नव्याने ऐकायचो. 1973 च्या सुमारास हजारो स्पॅनिश लोक सीमा ओलांडून फ्रान्समधल्या पेर्पिन्यां या गावी जायचे, ते केवळ ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ पाहायला. बंदी घातलेला सिनेमा पाहण्यासाठी बस भरून परदेशी जाणारे प्रेक्षक! हे सांगताना अण्णांच्या आवाजात या लोकांबद्दल माया असायची.

पहिला चित्रपट बहुतेक वेळा हुकूमशाहीच्या काळातलाच असायचा, कारण पुढचं कशाच्या विरुद्ध आहे ते कळायला हवं. दिग्दर्शक बुन्युएलच्या ‘विरिदियाना’ला 1961 मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. व्हॅटिकनच्या मुखपत्राने झोड उठवली, पारितोषिक स्वीकारायला व्यासपीठावर गेलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं पद गेलं, आणि स्पेनमध्ये हा स्पॅनिश चित्रपट 1977 पर्यंत कुणाला पाहता आला नाही. भिकाऱ्यांच्या त्या मेजवानीत सगळे क्षणभर येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रासारखे बसतात, तिथे आमच्या सभागृहात एकदम हालचाल व्हायची. मंडळात ख्रिस्ती सदस्यही होते. एकदा त्यांच्यातले एक गृहस्थ चर्चेत उठले आणि म्हणाले, मला हे दृश्य टोचलं, पण ते बंद करावं असं मला वाटत नाही. अण्णांनी त्यांना पुढे बोलावून त्यांच्याकडूनच सगळं सविस्तर बोलून घेतलं. मतभेद असलेल्या माणसाला पुढे बसवायचं, ही मंडळाची रीत तेव्हापासून पक्की झाली.

कार्लोस साउराचा ‘क्रिआ कुएर्वोस’ आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा दाखवला गेला असेल. 1975 मध्ये, फ्रँको अजून जिवंत असताना त्याचं चित्रण झालं. आठ-नऊ वर्षांची आना, तिचा लष्करी अधिकारी बाप, आणि आईच्या मरणाला तोच जबाबदार आहे ही तिची खात्री. आपण दिलेल्या विषाने तो मेला असं तिला वाटतं. खरं तर ती पूड निरुपद्रवी असते. आई आणि मोठेपणीची आना या दोन्ही भूमिका जेराल्डिन चॅप्लिनने केल्या आहेत. मोठी आना वीस वर्षांनंतरच्या काळातून आपल्याशी बोलते आणि बालपण सुखाचं असतं यावर माझा विश्वास नाही, अशा अर्थाचं काही सांगते. मला या चित्रपटातलं सगळ्यात खरं हे वाटतं की बाप मरतो आणि घर तसंच राहतं. तीच शिस्त, तेच जड फर्निचर, व्हीलचेअरमध्ये बसून जुने फोटो पाहणारी मुकी आजी. हुकूमशहा गेल्याने सकाळ उजाडत नाही, हे साउराने तो जाण्याआधीच ओळखलं होतं.

त्यानंतर यायचे ते चित्रपट, ज्यांच्यासाठी बाहेरगावाहून माणसं यायची आणि ज्यांच्यामुळे मंडळाला अधूनमधून निनावी पत्रंही यायची. नोव्हेंबर 1977 मध्ये स्पेनमध्ये सेन्सॉरशिप रद्द झाली आणि पडद्यावर नग्नतेची लाट आली. त्यातलं बरंचसं टाकाऊ होतं, आम्ही ते कधी दाखवलं नाही. पण त्याच मोकळिकीत एलॉय दे ला इग्लेसियासारखा दिग्दर्शक 1978 मध्ये समलिंगी डाव्या खासदाराला नायक करून ‘एल दिपुतादो’ काढू शकला. समलिंगी लोकांना ‘समाजाला धोकादायक’ ठरवून शिक्षा करणारा कायदा तोवर कागदावर होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या धाडसाची किंमत कळते.

दिग्दर्शिका पिलार मिरोचा ‘एल क्रिमेन दे कुएन्का’ आम्हाला फार उशिरा मिळाला. माद्रिदला शिकायला गेलेल्या एका सदस्याच्या मुलीने डीव्हीडी आणली. सबटायटल्स नव्हती. मग तीच माइक घेऊन बाजूला बसली आणि जमेल तसं मराठीत सांगत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची खरी घटना आहे. एक मेंढपाळ नाहीसा होतो, दोन गावकऱ्यांवर खुनाचा आळ येतो, सिव्हिल गार्ड हे निमलष्करी पोलीस त्यांचा अनन्वित छळ करून कबुली घेतात. त्यांना शिक्षा होते आणि 1926 मध्ये तो ‘मेलेला’ माणूस जिवंत सापडतो. छळाची दृश्यं पाहवत नाहीत. मुलीने तिथे माइक खाली ठेवला, आणि ते बरोबरच होतं. चित्रपट 1979 चा. सेन्सॉर गेलेलं, नवी राज्यघटना लागू झालेली, तरी तो अडकवून ठेवला गेला आणि मिरोवर लष्करी न्यायालयात खटला भरायची तयारी झाली. अखेर 1981 च्या ऑगस्टमध्ये तो प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिव्हिल गार्डच्याच एका लेफ्टनंट कर्नलने सशस्त्र शिपायांसह संसदेत घुसून खासदारांना ओलीस धरलं होतं. लोकांनी चित्रपटाला प्रचंड गर्दी केली. पुढे 1982 मध्ये समाजवादी सरकार आलं आणि चित्रपट खात्याच्या प्रमुखपदी याच पिलार मिरोला बसवलं. हे ऐकल्यावर सभागृहात टाळ्या पडल्या होत्या.

आणि आल्मोदोवार. ला मांचातल्या खेड्यातून माद्रिदला आलेला, टेलिफोन कंपनीत नोकरी करत सुपर-8 कॅमेऱ्यावर फिल्म करणारा हा माणूस आमच्या मंडळाचा लाडका झाला, आणि तो लाडका झाला बायकांमुळे, हे मला ठामपणे सांगायचं आहे. पुरुष मंडळी रंगांबद्दल, बंडखोरीबद्दल, माद्रिदच्या त्या बेभान रात्रींबद्दल बोलायची. ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?’ दाखवला, त्या वर्षी चर्चा सुरू केली ती स्वयंपाक पाहणाऱ्या काकूंनी. 1984 चा चित्रपट. माद्रिदच्या मोटार-रस्त्यालगतच्या अवाढव्य इमारतींत राहणारी ग्लोरिया लोकांकडे साफसफाई करते, घरी येऊन पुन्हा राबते, जागं राहायला गोळ्या खाते. नवरा टॅक्सी चालवतो आणि हुकूम सोडतो. सासू मिनरल वॉटर आणि केक कुलपात ठेवून घरच्यांनाच विकते. एका भांडणात ग्लोरिया डुकराच्या तंगडीचं हाड नवऱ्याच्या डोक्यात घालते, तो मरतो, आणि हाड शिजायला पातेल्यात जातं.

काकू म्हणाल्या, “खून सोडा. तिला अख्ख्या सिनेमात एकानेही ‘जेवलीस का?’ विचारलं नाही, ते पाहिलंत का कुणी?” ग्लोरिया झालेल्या कार्मेन माउराचा तो थकलेला चेहरा त्यांनी आमच्या सगळ्यांपेक्षा नीट वाचला होता. मग बोलणं कायद्याकडे वळलं. 1975 पर्यंत स्पेनमध्ये विवाहितेला बँकेत खातं उघडायला नवऱ्याची संमती लागत होती. गर्भनिरोधकं कायदेशीर झाली 1978 मध्ये, घटस्फोट आला 1981 मध्ये. म्हणजे ग्लोरियाच्या हाती घटस्फोटाचा कायदा आला होता, पण त्याचा उपयोग करायला लागणारे पैसे, वेळ आणि झोप यातलं काहीच तिच्याकडे नव्हतं. त्या दिवशी चर्चा इतकी लांबली की चहा दोनदा करावा लागला, आणि दुसऱ्यांदा तो पुरुषांनी केला.

आल्मोदोवारचा ‘लाइव्ह फ्लेश’ आला तेव्हा अण्णा थकले होते. चित्रपट सुरू होतो 1970 च्या जानेवारीत. आणीबाणी जाहीर झालेली, माद्रिदचे रस्ते ओस, आणि रिकाम्या बसमध्ये एक तरुणी बाळंत होते. शेवटी ते बसमध्ये जन्मलेलं मूल मोठं होऊन आपल्या होणाऱ्या बाळाला सांगतं, की आता रस्ते माणसांनी भरलेत, आपण घाबरणं केव्हाच सोडून दिलंय. दिवे लागले तेव्हा अण्णांनी माइक मागितला नाही. जागेवर बसूनच बोलले. येरवड्यातून सुटून घरी आल्यावर कितीतरी महिने रस्त्यावर राजकारण बोलताना आपला आवाज आपोआप खाली जायचा, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आपली आणीबाणी एकवीस महिन्यांची होती. स्पेनची भीती पिढ्यांची होती. ती जायला इतके भडक, इतके बेधडक चित्रपट लागले असतील, तर त्यांना उथळ म्हणू नका, असं ते म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं.

अण्णा गेल्यानंतर संमेलन आता आम्ही काही बायका मिळून चालवतो. मध्यंतरी आल्मोदोवारचा ‘पॅरलल मदर्स’ दाखवला. 2021 चा हा चित्रपट फ्रँकोला सत्तेवर आणणाऱ्या यादवी युद्धात मारून सामूहिक खड्ड्यांत पुरलेल्या माणसांकडे परत जातो. 1977 च्या माफीच्या कायद्याने सगळ्यांनीच मागचं झाकून ठेवायचं मान्य केलं होतं. खड्डे उकरून हाडांना नावं देण्याच्या कामाला सरकारी कायद्याचा आधार मिळाला तो 2007 मध्ये. तरुण मुलांनी विचारलं, मग आल्मोदोवारने सुरुवातीच्या चित्रपटांत फ्रँकोचं नाव का काढलं नाही? काकूंनी उत्तर दिलं. आता त्या मागच्या रांगेत खुर्चीवर बसतात. “आधी मोकळं हसायला शिकले,” त्या म्हणाल्या, “मग खणायला बसले.” त्यावर दोन मुलं हिरिरीने भांडली, की हा क्रम चुकीचा होता आणि त्यात साक्षीदार म्हातारे होऊन मरून गेले. काकूंनी त्यांना पुढे येऊन बोलायला लावलं.

या वर्षी त्या मुलांनीच रविवारची यादी केली आहे. सकाळी ‘एल क्रिमेन दे कुएन्का’, या वेळी मराठी सबटायटल्ससह, ती त्यांनी स्वतः तयार केली आहेत. दुपारी ‘क्रिआ कुएर्वोस’. पोहे नेहमीप्रमाणे साडेआठला.