सील तर खराबच होतं

तेल गळणारी गाडी गॅरेजला येते तेव्हा तिचं निदान गिऱ्हाइकाने घरूनच करून आणलेलं असतं. "सील गेलंय, नवं टाकून द्या." सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी. जिथे थेंब पडतो तिथलंच सील गेलं, असा लोकांचा सरळ हिशोब असतो. आमच्या धंद्यातल्या निम्म्या मंडळींचाही तोच. तेल मात्र तसं वागत नाही. ते एका जागेवरून निघतं, गाडी पळते तशी वाऱ्याने मागे सरकतं, कव्हरच्या जोडावरून, बोल्टच्या डोक्यावरून वाट काढतं आणि सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे बहुतेक वेळा तेल काढायच्या ड्रेन नटाला, थेंब होऊन लोंबतं. मग लोक ड्रेन नट आवळतात. आवळून आवळून आटे खातात. असे किती केस माझ्याकडे येतात ते विचारू नका.

ही गाडी दुधाची होती. शंभर सीसीची मोटरसायकल, आडव्या सिलिंडरची, जुनी. मागे लोखंडी फ्रेम आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. काका हिंगण्याच्या पलीकडून पहाटे निघतात आणि प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरात घरोघरी दूध घालतात. मे महिना होता. सकाळी दहालाच नागपुरात माझ्या जयताळ्याच्या गॅरेजसमोरचा रस्ता तव्यासारखा तापलेला. काका सावलीत टेकले आणि म्हणाले, "मिस्त्री, तेल गळून राहिलं बाप्पा. दोनदा सील टाकून झालं. पंधरा दिवस बरं राह्यते, मंग पुन्हा तेच." संध्याकाळचं दूध न्यायला चार वाजता गाडी पाहिजे होती. मेच्या उन्हात दूध कोणासाठी थांबत नाही.

सील कोणाकडे टाकलं ते विचारलं. पहिलं नाव नेहमीचंच निघालं. दुसरं माझ्या उस्तादांचं. नागपूरच्या महाल भागात ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, ते. मी काही बोललो नाही, पण तेव्हाच मनात आलं की उस्तादांनी बसवलेलं सील पंधरा दिवसांत जायचं नाही.

आधी हे तेल नक्की कशाचं ते पाहावं लागतं. बाहेरच्या माणसाला हे सुचत नाही. पुढच्या स्प्रॉकेटजवळचं, म्हणजे चेनच्या पुढच्या दातेरी चाकाजवळचं, काळं चिकट पुष्कळदा चेनवर ओतलेलं जळकं ऑइल असतं, आणि बिचाऱ्या इंजिनाचा त्यात काही दोष नसतो. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर पेट्रोल मळ धुऊन खाली आणतं, तेही तेलासारखंच दिसतं. दोन बोटांत चोळायचं, वास घ्यायचा. या गाडीत तिसरंच एक प्रकरण निघालं. कॅनच्या झाकणातून हिंदकळलेलं दूध वर्षानुवर्षं इंजिनावर पडून जळलेलं होतं. फिन्समध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमध्ये, तपकिरी खरवड, तिच्यावर तेल, त्यावर धूळ. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर पापुद्रे निघत होते आणि करपलेल्या दुधाचा वास येत होता. त्या थराखाली कुठलं पॅकिंग ओलं आहे हे ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. आधीच्या दोघांनी तो थर काढलाच नव्हता. धुण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून मिस्त्री धूत नाही.

पोऱ्याला डिझेल आणि ब्रश दिला. डिझेलनंतर साबणाचं पाणी, मग हवा. मॅग्नेट कव्हर, क्लच कव्हर, हेड, टॅपेटची झाकणं, सगळं कोरडं करून घेतलं. मग शेजारच्या सलूनमधून टाल्कम पावडरचा डबा आणला आणि इंजिनावर सगळीकडे उडवला. याच्याइतकी स्वस्त आणि खरी तपासणी दुसरी नाही. पांढऱ्या पावडरवर तेलाचा ठिपका पडला की तो काळपट होतो, आणि पहिला ठिपका जिथे, तिथेच उगम. नंतर सगळीकडे पसरतं, म्हणून डोळा पहिल्या ठिपक्यावर पाहिजे.

गाडी जागेवर चालू ठेवली, रेस देऊन पाहिली. चांगली तापली, तरी पावडर कोरडी ठणठणीत. हे पाहून पुष्कळ मिस्त्री गाडी "ओके" म्हणून परत देतात. पण काकांची गाडी जागेवर गळत नव्हती, ओझ्याने गळत होती. म्हणून कॅन पाण्याने भरले, फ्रेमला अडकवले आणि मीच बसलो. हिंगणा रोडला लागलो, लोकमान्यनगर मेट्रो स्टेशन मागे टाकून एमआयडीसीच्या ट्रकांच्या धुरातून वानाडोंगरीपर्यंत. चाळीस किलो पाणी मागे असलं की ही गाडी काय सोसते ते हँडलवर कळतं. तिसऱ्या गिअरला कुंथते.

वानाडोंगरीला पानठेल्याच्या सावलीत गाडी लावून खाली बसलो. पुढच्या स्प्रॉकेटच्या सीलपासून काळी रेघ निघाली होती. ठीक, ते अपेक्षित होतं. पण गिअर शाफ्टच्या सीलभोवतीही ओली कड होती. उजव्या बाजूला येऊन पाहतो तर डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या काडीच्या, रबरी रिंगभोवतीही पावडर भिजलेली. एकाच फेरीत तीन जागा. सील एकेकटं मरतं. तीन जागी एकदम तेल येतंय म्हणजे सीलं जात नाहीयेत, त्यांना आतून कोणीतरी ढकलतंय.

इंजिन बंद केलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि डिपस्टिक हळूहळू फिरवली. शेवटच्या आट्याला आली आणि फुस्स. तेलाचा गरम फवारा मनगटावर. पानठेलेवाला म्हणाला, "कुकर हाये का बे?"

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा दाबली जाते, आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा जळका गॅसही खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो. ओझं वाढलं की तो गॅसही वाढतो. हे सगळं बाहेर पडायला ब्रीदर पाइप असतो. नव्या गाड्यांत तो एअर फिल्टरच्या डब्यात जातो, या जुनीत इंजिनामागून खाली नुसता सोडलेला. ती वाट बंद झाली की आतला दाब सगळ्यात कमजोर रबर शोधतो. नवं सील काही दिवस तग धरतं, मग त्याची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, उलटायला लागते. काकांचे पंधरा दिवस ते हेच.

पाइपवरून बोट फिरवत मागे गेलो. स्विंग आर्मच्या खाली टोकाला हाताला काहीतरी टणक लागलं. दहा नंबरचं डोकं असलेला बोल्ट. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आत ठोकलेला आणि वरून बायंडिंग तार पिळलेली. काम इतकं नीट की मानलं. तार कापून बोल्ट ओढला, तर पाइपातून पिवळट फेस भळभळला.

परत आल्यावर बोल्ट काकांसमोर धरला. "हा कोणी ठोकला?"

"मीच ठोकला."

"काहून?"

"थेंब पडत होते ना त्याच्यातून. सोसायटीच्या गेटात टाइल्सवर डाग पडून राहिले म्हणून चौकीदार बोंबलला. आठ घरचं दूध हाये तिथं. बंद करू म्हणे."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही इंजिनचं इचारलं जी. हा तं पाइप हाये."

यावर काय बोलणार? सोसायटीवाल्यांना टाइल्सची पडली होती, काकांना आठ घरांची.

पण ब्रीदरमधून थेंब का पडत होते? तिथून तेलाची वाफ येते, थेंबभर ओल येते, टाइल्स खराब होण्याइतकं तेल येत नाही. ड्रेन नट खोलून तेल मापात घेतलं. या इंजिनात कोरडं असताना जेमतेम लिटरभर तेल बसतं, बदलताना त्याहूनही कमी लागतं. निघालं सव्वा लिटर. गळणाऱ्या गाडीत! जास्त तेल झालं की आतल्या फिरत्या वस्तू ते घुसळतात, फेस होतो, आणि फेस ब्रीदरमधून बाहेर येतो.

"तेल कसं पाहता काका?"

काकांनी करून दाखवलं. गाडी साइड स्टँडवर, काडी काढली, पुसली, टेकवली, पाहिली. टेकवून पाहायची, फिरवायची नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं. शिकल्यासवरल्या लोकांना माहीत नसतं. पण साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि या गाडीची डिपस्टिक उजवीकडे. तेल सगळं डावीकडे जातं, काडी कोरडी दिसते. काका इमानदारीने रोज पाहायचे आणि इमानदारीने थोडं थोडं ओतायचे.

मेन स्टँडवर लावून का पाहत नाही? तर मेन स्टँडच नाही. दुधाची फ्रेम बसवली तेव्हा तिचा खालचा पाइप स्टँडच्या पायाला अडत होता, म्हणून वेल्डिंगवाल्याने स्टँडच काढून टाकला. म्हणजे गळतीचं मूळ इंजिनात नव्हतंच, वेल्डिंगच्या दुकानात होतं. स्टँड नाही म्हणून तेल जास्त, तेल जास्त म्हणून थेंब, थेंब म्हणून बोल्ट, बोल्ट म्हणून सीलं. आणि सीलं गळायला लागली म्हणून आणखी तेल.

सील तरीही बदलावं लागलं, लिप गेलीच होती. शाफ्टवर नख फिरवलं तर जुन्या लिपने पाडलेली बारीक रेघ लागत होती. नवं सील ठोकून तळाला टेकवलं असतं तर लिप त्याच रेघेत बसली असती, म्हणून अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवलं. शाफ्टच्या दातांवर आधी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे सील सरकवताना लिप कापत नाही. लिपला ग्रीस, स्प्रिंगची बाजू आत, आणि बाहेरच्या कडेइतक्याच मापाचा सॉकेट लावून हलके ठोके. जोडाला लावतात ती सिलिकॉनची पेस्ट कुठेही नाही. जोडाच्या आतल्या बाजूला निघालेलं सिलिकॉन सुटून ऑइलच्या जाळीत जाऊन बसतं, तरी लोक ते बोटभर लावतात.

चारला गाडी दिली. फ्रेमचा पाइप वाकवून घ्यायला काका नाखूश होते, एक सकाळ जाईल म्हणत होते. शेवटी दोन दिवसांनी वेल्डिंगवाल्याकडे गेले, भंगारातून स्टँड मिळाला. गाडी आता कोरडी आहे.

त्यानंतर काकांनी ओळखीचे दूधवाले पाठवले. दोघांच्या पाइपात बोल्ट, एकाच्या पाइपात पेनाचं टोपण. कोणी शिकवलं विचारलं, तर सगळे म्हणाले, डेअरीवर कोणीतरी सांगत होता. तो कोणीतरी मला अजून भेटलेला नाही. बहुतेक त्याचीही गाडी गळत असेल.

उस्तादांना फोन केला. करावा की नाही, यात बराच वेळ गेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सील खराब होतं का नव्हतं?"

"होतं."

"मंग मी काय वेगळं सांगितलं?"

मी म्हटलं, तीन जागी ओलं होतं उस्ताद. ते म्हणाले, "मले एकच दिसली. धुवायले टाइम कोणी दिला?" हेही खोटं नाही. त्यांच्या गॅरेजात दुपारपर्यंत बारा गाड्या होतात, माझी त्या दिवशी एकच झाली, आणि काकांकडून सीलचे आणि धुण्याचे सोडून मी जास्त काही मागू शकलो नाही.