डाव्या पंखाचा स्पार

१३ जानेवारी, भोगी

आज जुन्या विमानाच्या डाव्या खालच्या पंखाचं कापड पूर्ण उतरवलं. सकाळी सातला गोडाऊनवर पोचलो तेव्हा पत्र्याच्या भिंतींनी रात्रभराची थंडी धरून ठेवली होती. काकांनी खुर्ची पंखाशेजारी ओढून घेतली आणि म्हणाले, "कापड फाडू नकोस, शिवण उसव. नवं बेतायला हेच माप लागेल." एकेक टाका ब्लेडने कापत गेलो. दुपारी दीड वाजता कापड अखंड सुटलं. ते घडी घालून, कडेला खडूने 'डावा, खालचा' असं लिहून ठेवलं.

आतून जे निघालं ते पाहून मी बराच वेळ नुसता उभा होतो. पस्तीस वर्षं शाळेत लाकूडकाम शिकवलं. तिथं टेबलं झाली, कपाटं झाली, गणपतीची मखरं झाली. पण इतक्या कमी लाकडात एवढं बळ बसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पंखाच्या लांबीभर दोन तुळया, त्यांना स्पार म्हणतात. त्यांच्यावर आडव्या बसवलेल्या नाजूक बरगड्या, आणि मधल्या प्रत्येक खणात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेल्या तारा. चौकट काटकोनात आहे की नाही हे आपण दोन्ही कर्ण मोजून बघतो, तेच इथं खणाखणाला करायचं. कर्ण सारखे होईपर्यंत तारा कसायच्या.

विमान टायगर मॉथ आहे. ही जात पहिल्यांदा २६ ऑक्टोबर १९३१ला इंग्लंडमध्ये उडाली. पुढे आठ हजारांवर बनली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडच्याही कित्येक वैमानिकांनी उडण्याचे पहिले धडे हिच्यावरच गिरवले. इंजिन १३० अश्वशक्तीचं, चार सिलिंडर, तेही उलटे टांगलेले. ब्रेक नाहीत, शेपटाखाली चाकाऐवजी घसरपट्टी. आमचं विमान मालकांच्या वडिलांनी एका लिलावातून आणलं आणि ते इंदूरच्या बिजासन टेकडीच्या अलीकडच्या या गोडाऊनमध्ये चाळीस वर्षांहून जास्त काळ उभं आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी वादळात छपराची कैची सुटून डाव्या पंखावर पडली. तेव्हापासून मालकांच्या मनात होतं की हे नीट करून नव्या हॉलमध्ये ठेवावं, लोकांनी बघावं.

उडवायचं नाही. हे पहिल्याच दिवशी ठरलं आहे.

२७ जानेवारी

काका ८१ वर्षांचे. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, परवाना असलेले इंजिनिअर. त्यांच्या हातून पुष्पक विमानं पुष्कळ गेली. पुष्पक म्हणजे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं, १९५८मध्ये पहिल्यांदा उडालेलं दोन आसनांचं विमान, ९० अश्वशक्तीचं. त्यामागे विष्णू माधव घाटगे होते, आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून आलेले. नवरात्रात बिजासनच्या जत्रेला आईबरोबर जायचो तेव्हा टेकडीवरून धावपट्टी दिसायची. एखादं छोटं विमान उठलं की आई देवीला हात जोडायची, मी विमानाला. हे मी काकांना आज पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "असेल, त्यातलं एखादं माझ्या हातचंही असेल."

कैची पडली तिथं दोन बरगड्या मोडल्या आहेत आणि पुढची कड चेपली आहे. ते सरळ दिसतं, त्याची भीती नाही. काकांना काळजी पुढच्या स्पारची होती. त्यांनी मला गोडाऊनचं दार लावायला सांगितलं, दिवे घालवले आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरायला लावली, प्रकाश रेषांच्या दिशेने सरपटत जाईल अशी. "आता हळूहळू सरक."

प्लायवूडचा आधार जिथं संपतो, त्याच्या दोन बोटं पुढे ती दिसली. केसाएवढी सुरकुती, रेषांना आडवी. बोटाला लागत नाही. वरून उजेड पाडला तर दिसतही नाही. लाकूड वाकताना दाबाच्या बाजूचे तंतू चुरडले जातात, त्याची ही खूण. जिथं जाड आधार अचानक संपतो तिथं असा चुरा होण्याचा धोका जास्त, असं काका म्हणाले. पंखाचं टोक कधीतरी जमिनीला लागलं असेल. टोकावर बसलेला मार आत येऊन इथं थांबतो.

पण त्याहून वाईट पुढे होतं. सुरकुतीच्या कडेला रंग थोडा वेगळा वाटला म्हणून पटाशीच्या टोकाने खरवडलं. खाली लांबी, म्हणजे भेग बुजवायची पुट्टी, निघाली. भुसा आणि सरस कालवून भरलेली, वरून करडा रंग मारलेला. म्हणजे कोणीतरी हे पाहिलं होतं. कळलं होतं त्याला. भेग बुजवली, रंग लावला, कापड चढवलं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यानंतर यावर माणसं उडाली असतील."

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. हिने विचारलं काय झालं, तर मला नीट सांगताही येईना. शाळेत मुलांच्या सांध्यात फट राहिली की ती भुशाने बुजवायची, ही युक्ती मीच शिकवत आलो होतो. कपाटाला ते चालतं.

३० जानेवारी

मालक आले होते. माणूस चांगला, हौसेने खर्च करणारा. पण नवा स्प्रूस, म्हणजे स्पारचं हलकं लाकूड, मागवायचा म्हटल्यावर थबकले. सिटका स्प्रूस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, बाहेरून मागवावा लागतो आणि महाग पडतो. ते म्हणाले, "मास्तर, वाड्याचं जुनं सागवान पडलंय की, कितीही घ्या. हे काही उडणार नाहीये. आतलं कोण बघतंय?"

सागवान स्प्रूसच्या दीडपट जड, आणि त्यात तेल असल्यामुळे गोंदही मनासारखा धरत नाही, हे मी सांगितलं. पण खरं उत्तर ते नव्हतं. खरं उत्तर मला त्यांच्यासमोर सापडेना. काकांनी त्यांना पंखाजवळ नेलं, दिवे घालवले आणि माझ्या हातातली टॉर्च त्यांच्याच हातात दिली. त्यांनी आधी बोट फिरवलं, काही लागलं नाही. मग टॉर्च आडवी धरली. सुरकुती दिसली तशी त्यांनी मान वळवून लांबीकडे पाहिलं.

काका म्हणाले, "पन्नास वर्षांनी कोणीतरी हे विमान उघडेल. तेव्हा आपण कोणी नसू. त्याला उडवावंसं वाटलं, तर त्याच्या हातात काय द्यायचं?"

मालकांनी थोडा वेळ घेतला. "स्पारच्या तुकड्यापुरतं मागवा. बाकीचं पुढे बघू."

११ फेब्रुवारी

आज लाकूड आलं. काकांनी पावती बाजूला ठेवली आणि आधी लाकडाच्या टोकाची वर्तुळं मोजायला लावली. इंचाला सहाच्या खाली नकोत. आमच्या फळीत दहा-अकरा आहेत. मग रेषा तिरक्या पळतात का ते पाहायचं: पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त सरकलेल्या चालत नाहीत. शाईच्या पेनाचा एक थेंब टाकला की शाई रेषेच्या दिशेनेच ओढली जाते. निळी रेघ सरळ धावत गेली तेव्हा बरं वाटलं.

ओलावा काढायला छोटा तुकडा कापून वजन केलं, ५५ ग्रॅम. हिच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवत ठेवला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. शेवटी ५०वर थांबला. म्हणजे दहा टक्के. चालतं.

गोंद लगेच लावायचा नाही. रिसॉर्सिनॉल गोंदाला निदान एकवीस अंश ऊब लागते आणि रात्री आमच्या इथं अजून गारठा आहे. जुन्या लाकडी विमानांत केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा गोंद असायचा. ओल लागली की त्याला बुरशी धरायची. आमच्या मागच्या कडेच्या दोन बरगड्या तशाच सुटल्या आहेत, नखाने टोकरलं तर पांढरी पूड पडते.

१९ फेब्रुवारी

थंडी जाईपर्यंत बाकीची कामं. सांगाड्याच्या पोलादी नळ्या टोकून बघितल्या. एक नळी बद्द वाजली, आतून गंजलेली. तो तुकडा बदलायला वेल्डरकडे जाईल. चांगल्या नळ्यांत जवसाचं तेल गरम करून ओतायचं, सगळीकडे फिरवायचं आणि निथळून काढायचं, म्हणजे आतून गंज धरत नाही. जवस माळव्यातला. सियागंजातून कॅन आणला तेव्हा दुकानदार म्हणाला, "भिया, इतकं तेल कशाला?" त्याला सगळं सांगितलं. दुकानात गर्दी असूनही त्याने ऐकून घेतलं.

घरी हिने शिवणीचा सराव सुरू केला आहे. पंखाचं कापड प्रत्येक बरगडीला वरून खाली आरपार टाके घालून बांधावं लागतं. दोरा मेण लावलेला, टाके तीन इंचांच्या आत. मी तिला समजावायला लागलो तर तिने मधेच थांबवलं. "गोधडीचा धावदोरा नको इथं. एक तुटला की सगळा पळेल. प्रत्येक टाक्याला गाठ हवी." काकांनी ऐकलं आणि म्हणाले, हे त्यांना नव्या पोरांना सांगायला आठवडा लागायचा. मी तिच्यासाठी दोन बरगड्यांची खोटी चौकट करून दिली आहे. संध्याकाळी स्वयंपाक आटपला की ती अंगणात घेऊन बसते. गाठ कुठे लपवायची यावर तिचं आणि काकांचं फोनवर बोलणं होतं.

कापडाचीही एक गंमत कळली. पूर्वी विमानांवर जे बारीक सुती कापड चढवायचे त्याला मॅडापोलम म्हणत. हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या माधवपालेम गावावरून पडलं. तिथल्या विणकरांच्या गावाचं नाव घेऊन ते कापड विमानांवरून जगभर फिरलं.

कापड मेअखेरपर्यंत चढायलाच हवं. त्यावर डोप नावाचं रोगण मारतात, त्याने ते ढोलासारखं ताणलं जातं. पावसाळ्याच्या दमट हवेत डोप पांढरा पडतो आणि मग सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं.

होळी

सांधा आज जोडला. तिरका सांधा: इंचाच्या जाडीला बारा इंचांचा उतार. जुन्या स्पारचा चांगला भाग आणि नवा तुकडा, दोघांचे उतार एकमेकांवर असे बसायला हवेत की मधून उजेड दिसू नये. या गोंदाला फट चालत नाही. आणि पृष्ठभागाला पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, धुळीने लाकडाची छिद्रं बुजतात. धारदार रंध्याचाच शेवटचा हात. मी रंध्याचं पातं चार वेळा लावलं. सांध्याची जागा मुद्दाम अशी धरली की तो कुठल्याही पोलादी जोडाखाली येत नाही.

दुपारी चारला काळसर जांभळा गोंद कालवला, दोन्ही बाजूंना लावला, शिकंजे कसले. कडेने गोंद सारखा पाझरला. रात्री ऊब राहावी म्हणून वर हिची गोधडी घातली आणि खाली दोन दिवे लावले. त्याच लाकडाचा, त्याच गोंदाचा एक छोटा नमुना शेजारी जोडून ठेवला. परतताना गल्ल्यागल्ल्यांतून होळ्या पेटल्या होत्या. रात्री दोनदा उठून थर्मामीटर बघायला जावंसं वाटलं. सकाळी साडेपाचला गेलोच.

रंगपंचमी

आज गोंदाला पाच दिवस पूर्ण झाले. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली, त्या बाजूला वाहन जाणं शक्य नव्हतं, म्हणून लांबून वळसा घालून गेलो. काका माझ्या आधी पोचले होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कोणीतरी खांद्यावर गुलाबी रंग टाकला होता, तो त्यांनी झटकलाही नव्हता.

नमुना शिकंज्यात धरला, सांध्याच्या रेषेवर पटाशी ठेवली आणि हातोडीचा घाव घातला. दुसऱ्या घावाला तुकडा उलगडला. उचलून खिडकीशी नेला. गोंदाची रेघ जशीच्या तशी होती. फाटलं होतं ते शेजारचं लाकूड. दोन्ही बाजूंना स्प्रूसचे तंतू चिकटून उभे होते.

काकांनी तो तुकडा बराच वेळ हातात फिरवला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मग पिशवीतून लांबट वही काढली. विमान उडणार नसलं तरी या कामाची नोंदवही ठेवायची, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. जुन्या लांबीची जागा, टॉर्चमध्ये दिसलेली सुरकुती, नव्या लाकडाची वर्तुळं, ओलावा, गोंद लावल्याची वेळ, सगळं त्यांनी लिहिलं. हात थरथरतो त्यांचा, पण अक्षर सुटं आणि स्वच्छ येतं. खाली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"मी काय लिहू?"

"काय केलंस ते. आणि काय राहिलंय ते."

मी लिहिलं: पुढचा स्पार, डावा खालचा पंख, तिरका सांधा पूर्ण, नमुना लाकडात तुटला. मागचा स्पार मुळाशी, जोडाखाली, अजून उघडून पाहिलेला नाही.