रोहित सोडून शाळूच्या रानात

जानेवारीत पुण्यातला दुर्बीणवाला माणूस पहाटे साडेचारला उठला म्हणजे तो भिगवणला निघाला, असं खुशाल धरून चालावं. उजनीच्या पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे असतात, नावाडी नावेतून जवळ नेतो आणि परतताना माशाचं जेवण असतंच. मीही इतकी वर्षं तेच केलं. यंदा मात्र हडपसरला सोलापूर रस्ता सोडला आणि सासवडला वळलो. शेतातले पक्षी बघायचे होते. "शेतात कसले आलेत पक्षी?" बायकोचा प्रश्न. सोबत मित्र होता, आणि सुप्याजवळ त्याच्या मामांचं, नानांचं, शेत.

दिवे घाटात धुकं होतं. सासवडला चहा, जेजुरीला न थांबता पुढे, मोरगावला गाडीतूनच मयूरेश्वराला नमस्कार. सुप्यात चिंकाऱ्यांसाठी राखलेलं अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. ते बाजूला ठेवून आम्ही थेट बांधावर.

नानांचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्यात होता. पायांवर दव, अंगावर नानांचं घोंगडं. सूर्य कासराभर वर आला आणि कणसांच्या हातभर वरून एक राखी पक्षी तरंगत आला. पंख न हलवता, मान खाली, जणू कुणी पाटलाचा माणूस रानाची पाहणी करतोय. भोवत्या! मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यासाठी आलेला शिकारी पक्षी. शाळूवरून गेला, हरभऱ्यावर वळला, एकदा खाली टपकला आणि काहीतरी पकडून उठला. नाकतोडा असावा. पुढे शेजाऱ्याच्या उसाचं रान लागलं, तसा तो सरळ उंच झाला आणि पलीकडे निघून गेला. तासाभरात तीन भोवते पाहिले. तिघांनीही उसाशी हेच केलं.

नाना हसले. "पाव्हणं, त्याला खालचं दिसाय नको का? उसात माणूस हरवतो, तिथं त्यो काय नाकतोडा धरणार!"

गोष्ट एवढीच नाही, हे नानांशी बोलताना हळूहळू उलगडलं. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. कडबा वाहून नेला की पावसापर्यंत रान मोकळं. त्या उघड्या ढेकळांतच टिटवी, माळटिटवी, धाविक, डोंबारी असे जमिनीवर राहणारे पक्षी आपली अंडी घालतात. घरटं म्हणजे काय, तर जमिनीत एक खळगा आणि चार खडे. पूर्वी बैलाच्या औतापुढे टिटवी ओरडत उभी राहिली की माणूस औत उचलून तेवढा तुकडा सोडून द्यायचा, असं नाना सांगतात. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला, हा ठोकताळाही त्यांच्या घरात होता. आता रोटाव्हेटर येतो, भाडं तासावर. ट्रॅक्टरवरच्या पोराला टिटवी ऐकू येणार कुठून? आणि ऊस लावला तर रान रिकामं होतच नाही. बारा-चौदा महिने तो उभाच, मागून खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस.

नानांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. उपशाचं पाणी आलं की कोरडवाहू शाळू कोण करत बसेल? त्यांनीही दोन एकरांत ऊस लावलाय आणि जनावरांच्या मुरघासासाठी, म्हणजे मुरवून साठवलेल्या चाऱ्यासाठी, मका. मक्यावर २०१८ नंतर लष्करी अळी आली तेव्हापासून पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, औषध मारल्याशिवाय पीक हाती लागत नाही. अळी मरते, पण अळीच्या भरवशावर जगणारे उपाशी राहतात, किंवा औषध पोटात घेतात. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलेले टोळ खाऊन स्वेन्सन जातीचे शिकारी पक्षी हजारोंनी मेले होते. सकाळचा तो नाकतोडा मला दिवसभर आठवत राहिला.

सगळ्यांचंच बिनसलंय असंही नाही. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले खोपे लटकत होते, एकूणएक उसाच्या पातीच्या चिरफळ्यांनी विणलेले. मोर तर नानांच्या भाषेत "कोंबड्यावानी" झालेत. नीलपंख मात्र दिवसभरात एकच दिसला, विजेच्या तारेवर. बांधावरच्या जुन्या बाभळी-लिंबांच्या ढोल्यांत तो घरटं करतो, आणि नानांच्या पूर्वेच्या बांधाची तर आता सरी झालीय, वर एकही झाड नाही.

दुपारी पडीक माळावर गेलो. तिथे छोट्या तुऱ्याचा, तांबूस चंडोल दगडावर बसून गात होता. याला साइक्सचं नाव आहे. विल्यम साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनच्या पिकापाण्याची आकडेवारी जमवत हिंडायचा आणि तसाच पक्षीही टिपायचा. १८३२ साली त्यानं इथल्या पक्ष्यांची यादी छापली. पिकं आणि पाखरं एकाच माणसाच्या वहीत होती, याचा मला हेवा वाटला. आमच्याकडे कृषी खात्याची वही वेगळी, आमची वेगळी.

चारला परत फिरणार होतो, पण हुरड्याची आगटी पेटली. गोवऱ्यांत भाजलेली कणसं, लसणीची चटणी, वर गूळ. शेवटचा हात चोळतोय तोच पश्चिमेकडून काळा ढग आला. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना! ढग वळला, चपटा झाला, आणि नानांच्या शाळूवर ओतला गेला. मी दुर्बीण वर करून मोजायला लागलो.

"आरं बघतोस काय नुस्ता!" मामी ओरडल्या आणि माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी दिली. नानांची गोफण सुटली. मीही डबा बडवत बांधावरून पळालो, तोंडानं हुर्र हुर्र करत, दुर्बीण छातीवर आपटत. मोजणी दोनशे चाळीसवर तुटली ती तुटलीच.