तुम्ही विचारलेत म्हणून: पॉली मरे नकारांमुळे घडल्या का?

कृष्णवर्णीय अमेरिकन कायदेपंडित पॉली मरे यांच्याविषयी मी बोलले की एक प्रश्न हमखास येतो. हार्वर्डने नाकारले तरी त्या बर्कलीत शिकल्या, 1965मध्ये येलची डॉक्टरेटही मिळवली, मग बिघडले काय? उलट नकारांनीच त्यांना घडवले नाही का?

हे म्हणणे मला सहन होत नाही. आई गेल्यावर त्यांना नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅमला नेऊन वाढवणाऱ्या शिक्षिका पॉलीनमावशींनी त्यांना घडवले. दृष्टी गेलेल्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना त्या घडल्या. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने 1938मध्ये वंशावरून त्यांना नाकारले, त्याने काय घडवले? त्यांच्या पणजीला, हॅरिएटला, गुलाम म्हणून राबवणाऱ्या स्मिथ घराण्याने त्याच विद्यापीठाला जमीन दिली होती आणि त्या घराण्याचे रक्त मरे यांच्याही अंगात होते.

हार्वर्डचा नकार मात्र मला अधिक जिव्हारी लागतो. 1944मध्ये वॉशिंग्टनमधील, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि पुढील शिक्षणासाठी रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती त्यांच्या हाती होती. हार्वर्डने कळवले की प्रवेशास पात्र असलेल्या लिंगाच्या तुम्ही नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी रदबदली करूनही उपयोग झाला नाही. तेव्हा मरे यांनी लिहिले की तुमच्या अटीसाठी मी आनंदाने लिंग बदलले असते, पण तो मार्ग मला उमगलेला नाही, म्हणून तुम्हीच आपले मत बदलावे. हे वाक्य हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून हसत सांगितले जाते. परंतु आपली घडण पुरुषाची आहे असे वाटून ज्यांनी 1930च्या दशकात पुरुषी संप्रेरकांसाठी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले आणि तिथूनही नकारच घेतला, त्यांच्या हातचे हे वाक्य आहे. ते ठाऊक झाल्यापासून मला हसू येत नाही.

विद्यार्थिदशेत मीही तुमच्याच बाजूने भांडले असते. हॉवर्डमध्ये वर्गातली एकटी स्त्री म्हणून हेटाळणी सोसली नसती, तर 'जिम क्रो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील वंशभेदी कायद्यांशेजारी स्त्रियांवरील अन्यायाला 'जेन क्रो' म्हणून उभे करणे त्यांना सुचले असते का? याला माझ्याकडे निर्णायक उत्तर नाही. पण हार्वर्डच्या विधी विद्यालयाने 1950मध्ये स्त्रियांना दार उघडले. ती अडवणूक वाट्याला आली नाही म्हणून तिथे शिकलेल्या स्त्रिया कमी घडल्या, असे तुम्ही कधी कोणाला म्हणताना ऐकले आहे का?