वरचे आठ टक्के

मंगळवार, रात्री

दिव्यांग कार्डाचं नूतनीकरण म्हणून कान तपासून आलो. तपासणाऱ्या मुलीने हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. ‘आवाज आला की दाबा काका.’ मी दाबेचना, तशी ती काचेतून दोनदा डोकावली. कागद मिळाला. ५२ टक्के बहिरेपण. मागच्या खेपेला ४४ होते.

हे वरचे ८ कुणाचे?

‘वयाचं असेल, वाढतंच,’ असं ती म्हणाली खरी. गोड बोलत होती. १३ जुलै २०११ ला, झवेरी बाजारात स्फोट झाला तेव्हा, ती शाळेत असेल. त्या संध्याकाळबद्दल, खाऊगल्लीबद्दल, माझ्या पुढे उभ्या असलेल्या त्या... नको.

टक्क्यांचंच लिहितो. दहशतवादाची झळ बसलेल्यांना मदत देणाऱ्या केंद्राच्या योजनेत मृत्यू, नाहीतर ५० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व लागतं. तेव्हा ३ लाख होते, २०१६ ला ५ झाले. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. हळहळून म्हणाला, ‘सहाने राहिलात हो.’ जसा काही मी गणितात नापास झालो. आणि २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्क्यांवर मी रीतसर दिव्यांग! एका खिडकीवर बहिरा, दुसरीवर पुरेसा बहिरा नाही.

पैशासाठी म्हणत नाही. म्हणजे म्हणतोच, तेव्हा फार गरज होती. पण बोचतं ते मोजणं. माझा कान मोजायला यंत्र आहे, बंद खोली आहे, शिक्का आहे. झवेरी बाजारात १९९३ ला स्फोट झाला, २००३ ला झाला, २०११ ला पुन्हा झाला. त्याचे टक्के कोण काढणार? पोटासाठी बाजारात गेलेला माणूस घरी परत यावा, एवढंच तर सरकारकडे मागणं. त्यात ते किती कमी पडलं?

डाव्या कानात अजूनही ती शिट्टी वाजते. यंत्राला ती ऐकू जात नाही. तिचे टक्के शून्य.

असो. म्हातारपणाने का होईना, पास झालो! स्फोटाला जमलं नाही ते वयाने करून दाखवलं. आता अर्जात कारण काय लिहायचं, दहशतवाद की साठी?

हिने मघाशी विचारलं, ‘परत अर्ज करणार का?’ मी ‘बघू’ म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. बहुतेक पहिल्यांदा मी मनातच म्हणालो होतो. किंवा तिचंही वाढलंय.