तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याकडे बंदी आहे, मग बाहेर अजून कायदे कशाला?

चोपडा-यावलकडे शेतातून साप सोडवून झाला, चहा आला, की कुणीतरी विचारतंच, “भाऊ, मांडूळ, म्हणजे तो ‘दोन तोंडांचा’ साप, धरायला आपल्याकडे बंदी आहेच ना? मग परदेशातल्या बाजारावर अजून बंधनं कशाला?”

कारण आपली बंदी आपल्याच हद्दीत संपते. विहिरीवरच्या मोटरची केबल रात्रीतून कापून नेतात, तसंच आहे हे. कापणारा एक सापडला तरी दुसरा येतो, कारण ‘कुठून आणलं’ हे न विचारता तांबं घेणारा कुठेतरी बसलेला असतो.

बोर्निओत घोरपडीच्या नात्यातला, बाहेरून कान न दिसणारा एक सरडा आहे. मलेशिया, इंडोनेशिया, ब्रुनेई, तिन्ही देशांत त्याला संरक्षण. तरी तो युरोपात हौशी लोकांना विकला जात होता. मूळ देशात चोरी, पण विकत घेणाऱ्याच्या देशात गुन्हा नाही! २०१६ साली तो वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आला आणि जंगलातून धरलेल्यांची व्यापारी निर्यात शून्यावर आणली गेली. पण प्रत्येक जातीसाठी अशी वाट बघायची का? अमेरिकेच्या लेसी कायद्याने परक्या देशाचा कायदा मोडून आणलेला प्राणी विकणं तिथेही गुन्हा ठरतं. युरोपीय संघात असा सरसकट कायदा नाही. तो व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

“मग परवाना देऊन रीतसर विका,” असंही म्हणतात. पण रानातलं कासव ‘पिंजऱ्यात जन्मलेलं’ असं कागदावर दाखवलं, तर विमानतळावरच्या माणसाने ते ओळखायचं कसं? काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं चांदणी कासव वर्षानुवर्षं चोरून बाहेर गेलं. पाय हलू नयेत म्हणून चिकटपट्टीने गुंडाळून, बॅगेत कोंबून. शेवटी २०१९ साली साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात घालून त्याचा व्यापार रोखावा लागला.

आणि मांडूळ. हातात घेऊन नीट बघितलंत तर कळेल, दुसरं तोंड नसतंच. शेपटी बोथट, डोक्याएवढीच जाड. घाबरलं की वेटोळ्यात डोकं लपवतं आणि शेपटी वर काढतं, म्हणजे घाव पडला तर शेपटीवर पडावा. विष नाही, चावायची घाई नाही, म्हणून कुणीही उचलतं. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही थोडीच. बांधावरचं एक मोठं मांडूळ गेलं की उंदरांचा एक कायमचा शिकारी गेला. गुप्तधन, कोट्यवधींचा भाव, वजनावर पैसे, या थापांवर विश्वास ठेवून आपली तरुण पोरं मात्र कोर्टाच्या खेपा घालतात.

इग्वाना हा परदेशी सरडा आणि परदेशी अजगर हौसेने पाळणारे आता आपल्याकडेही आहेत. म्हणजे आपणही ग्राहक झालो. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली ती या ग्राहकांच्या बाजूसाठीही, त्यामुळे साइट्सच्या यादीतले असे प्राणी पाळणाऱ्याला नोंद करावी लागते. दुकानदाराला जन्माचा कागद मागा. नसेल तर घेऊ नका.

मांडूळ दिसलं तर राहू द्या. कुणी पिशवीत भरताना दिसला, तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा.